विश्लेषण : वादळ धावते, कॅमेरा संथ… अमेरिकेच्या गवताळ मैदानांवरील वादळे मोठ्या फिल्मवर कशी टिपतात?

मोबाइलवर बोट टेकवले की एका सेकंदात डझनभर छायाचित्रे निघतात. तरीही अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ मैदानांत, म्हणजे प्रेअरीत, दर उन्हाळ्याच्या तोंडावर काही छायाचित्रकार एक वेगळाच कॅमेरा घेऊन उतरतात. या कॅमेऱ्याला एका छायाचित्रासाठी चार-पाच मिनिटे लागतात, त्यावर डोक्यावरून काळे कापड ओढावे लागते आणि दिवसभरात जेमतेम आठ-दहा छायाचित्रे निघतात. समोर असते ताशी ५० किलोमीटर वेगाने सरकणारे, गारा आणि विजा घेऊन येणारे वादळ. हा हट्ट आहे की त्यामागे काही हिशेब आहे? हे तंत्र नेमके चालते कसे आणि त्यातला धोका किती, याचा हा आढावा.

प्रेअरी म्हणजे काय? वादळे तिथेच का?

रॉकी पर्वतरांगांच्या पूर्वेला, दक्षिणेत टेक्सासपासून उत्तरेत कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतापर्यंत पसरलेला सपाट, झाडे कमी असलेला गवताळ पट्टा म्हणजे प्रेअरी. ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का, साउथ डकोटा ही राज्ये याच पट्ट्यात येतात. आज त्यातला बराचसा भाग गहू, मका आणि सोयाबीनच्या शेतीखाली आहे. मूळ उंच गवताचा मोठा सलग तुकडा कॅन्ससच्या फ्लिंट हिल्स भागात उरला आहे.

वादळांसाठी ही भूमी जणू आखून दिलेली आहे. दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखाताची दमट, उबदार हवा जमिनीलगत येते. नैर्ऋत्येच्या उंच, वाळवंटी प्रदेशातून कोरडी, तापलेली हवा तिच्या वर झाकणासारखी पसरते. या झाकणाखाली दिवसभर ऊन साचत राहते आणि दुपारनंतर झाकण कुठेतरी फुटले की दमट हवा स्फोटासारखी वर उसळते. त्यात उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत असेल, तर वर जाणारा हा झोत स्वतःभोवती फिरू लागतो. अशा फिरत्या वादळाला ‘सुपरसेल’ म्हणतात. एप्रिल ते जून हा त्यांचा मुख्य हंगाम. अमेरिकेत वर्षाला सरासरी १,२०० च्या आसपास टोर्नेडो होतात आणि त्यातले बहुतेक विध्वंसक टोर्नेडो सुपरसेलमधूनच जन्मतात.

छायाचित्रकाराला सुपरसेलमध्ये काय दिसते?

बहुतेकांना वादळाचे छायाचित्र म्हणजे टोर्नेडोची सोंड एवढेच माहीत असते. प्रत्यक्षात बहुसंख्य सुपरसेलमधून टोर्नेडो तयारच होत नाही. मोठ्या फिल्मवर काम करणाऱ्यांना रस असतो तो संपूर्ण वादळाच्या रचनेत. खाली सपाट, काळसर तळ. त्यावर जात्याच्या तळीसारखे एकावर एक रचलेले, फिरत्या हवेने कोरलेले पट्टे. त्याच्या वर फुलकोबीसारखा उसळणारा पांढरा ढग. आणि सगळ्यात वर, १५ किलोमीटर किंवा त्याहून जास्त उंचीवर, लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरलेला माथा. कधी त्या माथ्याच्या खालून पिशव्यांसारखे गोल ढग लोंबत असतात. पावसाच्या पुढे धावणाऱ्या थंड वाऱ्यावर फळीसारखा लांबच लांब ढग तयार होतो, तो वेगळाच.

हे सगळे एका दृष्टिक्षेपात पाहायचे, तर वादळापासून लांब उभे राहावे लागते. जवळ गेले की डोक्यावर फक्त काळोख दिसतो. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

लार्ज फॉरमॅट कॅमेरा म्हणजे नेमके काय?

जुन्या स्टुडिओत काळ्या कापडात डोके घालून ‘हलू नका’ म्हणणारा फोटोग्राफर अनेकांनी चित्रपटात पाहिला असेल. तोच हा कॅमेरा. पुढे लेन्स, मागे दुधी काच आणि दोन्हींच्या मधे पेटीच्या भात्यासारखा घडीचा भाता. त्यात रोल बसत नाही. फिल्मचा एकेक सुटा पत्रा, म्हणजे शीट, वापरतात. तिचा सर्वाधिक प्रचलित आकार ४×५ इंच. त्याहून मोठा ८×१० इंच.

आकड्यांत फरक पाहू. जुन्या साध्या कॅमेऱ्यातील ३५ मिमी फिल्मची चौकट २४×३६ मिलिमीटरची असते. ४×५ इंचाची शीट तिच्या साधारण १५ पट मोठी, तर ८×१० ची ६० पट. ४×५ ची निगेटिव्ह इंचाला २,४०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केली, तर सुमारे ११५ मेगापिक्सेलची प्रतिमा मिळते. त्यामुळे भिंतीएवढा प्रिंट काढला, तरी ढगाच्या कडेवरची बारीक वीण आणि क्षितिजावरचे इवलेसे घर दोन्ही टिकून राहतात. वादळ किती अवाढव्य आहे, हे कळायला ते इवलेसे घर दिसणे आवश्यक असते.

दुसरा गुण तेवढाच महत्त्वाचा. या कॅमेऱ्यात लेन्स वर-खाली सरकवता येते. साधा कॅमेरा आकाशाकडे वळवला, की विजेचे खांब आणि धान्याची उंच कोठारे आत झुकल्यासारखी दिसतात. येथे कॅमेरा सरळच ठेवतात आणि फक्त लेन्स वर उचलतात. क्षितिज चौकटीच्या तळाशी जाते, वरचा चार-पंचमांश भाग आकाशाला मिळतो आणि खांब सरळ उभे राहतात. ज्या प्रदेशात जमीन ही केवळ एक रेघ असते आणि सारे नाट्य आकाशात घडते, तिथे ही सोय मोलाची आहे.

एका छायाचित्राला इतका वेळ का लागतो?

कामाचा क्रम असा असतो. ट्रायपॉड रोवायचा, कॅमेरा उघडायचा, लेन्स बसवायची. काळ्या कापडाखाली शिरून दुधी काचेवर चौकट ठरवायची. तिथे दृश्य उलटे दिसते, जमीन वर आणि ढग खाली. भिंगाने फोकस तपासायचा. मग शटर बंद करून लाइट मीटरने ढगाचा काळा तळ आणि उजळ माथा वेगवेगळे मोजायचे. अ‍ॅपर्चर आणि वेळ ठरवायची. फिल्म होल्डर मागे सरकवायचा, त्यावरची झाकणपट्टी ओढून काढायची, शटर दाबायचे, पट्टी परत लावायची. एका होल्डरमध्ये दोनच शीट असतात, पुढे एक आणि मागे एक.

यात एक पायरी चुकली तरी शीट वाया. शटर उघडे राहिले आणि पट्टी काढली, की फिल्मवर प्रकाश सांडला. होल्डर उलटा करायचे विसरले, की एकाच शीटवर दोन वादळे. फिल्म आणि प्रक्रियेचा खर्च धरला, तर रंगीत फिल्मच्या एका शीटमागे हजार रुपयांच्या आसपास जाऊ शकतात.

या संथपणाची किंमत सांगणारा एक प्रसिद्ध दाखला आहे. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या गावी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी ८×१० कॅमेऱ्याने चंद्रोदय टिपला. घाईत त्यांना लाइट मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता किती असते हे त्यांना ठाऊक होते, त्यावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवले. दुसऱ्या शीटसाठी होल्डर उलटा करेपर्यंत दफनभूमीतील क्रुसांवरचे ऊन निघून गेले. जगभर गाजलेल्या त्या छायाचित्राची निगेटिव्ह एकच आहे. वादळाच्या छायाचित्रकाराला हा अनुभव हंगामात अनेकदा येतो.

मग धावत्या वादळाशी या कॅमेऱ्याचा मेळ बसतो कसा?

उत्तर आहे अंतर. समजा, वादळ ताशी ५० किलोमीटर वेगाने थेट आपल्याकडे येते आहे आणि आता १५ किलोमीटरवर आहे. ते १० किलोमीटरवर येईपर्यंत सहा मिनिटे मिळतात. सरावलेला हात तेवढ्या वेळात कॅमेरा उभा करून एक-दोन शीट काढू शकतो आणि सामान गाडीत टाकून निघू शकतो. तेच वादळ तीन किलोमीटरवर असेल, तर चार मिनिटांत ते डोक्यावर असते. म्हणजे चौकट जुळेपर्यंतच वेळ संपते.

दुसरा हिशेब दृश्याचा. ४×५ कॅमेऱ्यावर ९० मिलिमीटरची रुंद लेन्स लावली आणि ती वर उचलली, तर १५ किलोमीटर अंतरावरचे १५ किलोमीटर उंच वादळ तळापासून माथ्यापर्यंत चौकटीत जवळपास पूर्ण बसते. ज्या अंतरावर हा संथ कॅमेरा वापरता येतो, त्याच अंतरावर वादळाची पूर्ण रचना दिसते आणि धोकाही तुलनेने कमी असतो. जवळ जाऊन काढायच्या छायाचित्रासाठी हा कॅमेरा निरुपयोगी आहे. पण तो छायाचित्रकाराला मुळातच योग्य अंतरावर उभा करतो.

अर्थात, त्यासाठी वादळाच्या आधी तिथे पोहोचावे लागते. इथे हवामानशास्त्र कामी येते. ओक्लाहोमातील नॉर्मन येथील ‘स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर’ तीव्र वादळांच्या शक्यतेचे नकाशे रोज प्रसिद्ध करते. त्यात धोक्याचे पाच टप्पे असतात. सकाळी तो नकाशा पाहून दोन-तीनशे किलोमीटर गाडी हाकायची, दुपारी उपग्रह आणि रडारची चित्रे पाहायची, मग डोळ्यांनी ढग वाचायचे, असा दिवस जातो. अनेक दिवस झाकण फुटतच नाही आणि निळ्याभोर आकाशाखालून हात हलवत परतावे लागते.

उभे राहायचे कुठे?

प्रेअरीतील सुपरसेल बहुधा पूर्वेकडे किंवा ईशान्येकडे सरकतात. त्यांचा पाऊस आणि गारा साधारणपणे उत्तर-ईशान्य बाजूला कोसळतात, तर फिरता तळ नैर्ऋत्य बाजूला उघडा दिसतो. म्हणून जाणकार वादळाच्या दक्षिण किंवा आग्नेय बाजूस जागा धरतात. तिथून रचना स्पष्ट दिसते आणि दक्षिणेकडे निघून जायला वाट मोकळी असते.

वाटेचा प्रश्न साधा नाही. या राज्यांत बऱ्याच ठिकाणी जमिनीची मोजणी चौकोनी झाल्यामुळे दर मैलाला आडवा-उभा रस्ता मिळतो. नकाशावर हे जाळे दिलासा देणारे वाटते. पण त्यातले बरेच रस्ते कच्चे आहेत. पाऊस पडताच चिकणमातीत चाके रुततात. म्हणून आधी सुटकेचा डांबरी रस्ता पाहायचा, मग चौकट, असा नियम अनुभवी मंडळी पाळतात. शेते खासगी असतात, त्यामुळे कुंपण ओलांडायचे नाही आणि ट्रायपॉड डांबरावर नाही तर कडेला लावायचा, हेही त्यात आलेच.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. संध्याकाळी वादळ पश्चिमेकडून येत असते तेव्हा सूर्य त्याच्या मागे असतो, त्यामुळे समोरची बाजू काळवंडलेली दिसते. तेच वादळ पूर्वेकडे निघून गेले, की मावळतीचे ऊन त्याच्यावर सरळ पडते. ढगाचा प्रत्येक उंचवटा सोनेरी होतो, खाली इंद्रधनुष्य उमटते. उत्तम छायाचित्रांपैकी कित्येक ही येणाऱ्या नव्हे, जाणाऱ्या वादळाची असतात.

ढग हलतात, मग चित्र पुसट होत नाही?

मोठ्या कॅमेऱ्यात पुढचे गवत आणि मागचा ढग दोन्ही सुस्पष्ट हवे असतील, तर अ‍ॅपर्चर बरेच बारीक करावे लागते. एफ/२२ हा नेहमीचा आकडा. वादळाखालचा मंद उजेड धरला, तर आयएसओ ४०० च्या फिल्मला साधारण १/८ ते १/४ सेकंद आणि आयएसओ १०० च्या फिल्मला अर्धा ते एक सेकंद लागतो.

एवढ्या वेळात ढग किती हलतो? ताशी ५० किलोमीटर वेगाचा ढग पाव सेकंदात साडेतीन मीटर सरकतो. तो १० किलोमीटर लांब असेल आणि लेन्स १५० मिलिमीटरची असेल, तर फिल्मवर ही हालचाल ०.०५ मिलिमीटर इतकीच उमटते. म्हणजे केसाच्या जाडीएवढी. ढग पुसट होत नाही. पुसट होते ते पायाजवळचे गवत आणि गव्हाची लोंबी, कारण सुपरसेल आजूबाजूची हवा स्वतःकडे जोरात ओढून घेत असतो. त्याच वाऱ्यात कॅमेऱ्याचा भाता शिडासारखा फुगतो आणि सगळा कॅमेरा थरथरतो.

यावर उपाय साधेच आहेत. ट्रायपॉड बुटका ठेवायचा, त्याला वजनदार पिशवी अडकवायची, गाडीचा आडोसा घ्यायचा, दोन झोतांच्या मधली उसंत पकडायची. काही जण जवळचे गवत चौकटीतून वगळतात आणि अ‍ॅपर्चर थोडे मोठे करून वेळ वाचवतात. काही जण ते पुसट गवत मुद्दाम ठेवतात. वर शांत, कोरलेला ढग आणि खाली वेडावलेले गवत, हे वादळाचे खरे वर्णनच असते.

उजेडाचा आवाका कसा सांभाळतात?

वादळाचा तळ आणि उन्हातला माथा यांच्या उजेडात प्रचंड तफावत असते. यासाठी आजही ‘झोन सिस्टीम’ ही पद्धत वापरतात. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी ती १९४० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये शिकवता शिकवता मांडली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटांच्या पायऱ्या कल्पायच्या, सर्वांत गडद पण तपशील हवा असलेला भाग ठरावीक पायरीवर ठेवून एक्स्पोजर द्यायचे आणि उजळ भाग फिल्म धुताना कमी-अधिक वेळ देऊन आवरायचा, हे तिचे सार.

सुट्या शीटचा फायदा येथे कळतो. रोलमधील सगळ्या चौकटी एकत्र धुवाव्या लागतात; शीट मात्र प्रत्येक वेगळी धुता येते. म्हणून एकाच दृश्याच्या दोन शीट काढतात. पहिली धुऊन पाहायची. माथा फारच पांढरा आला, तर दुसरीला कमी वेळ द्यायचा. मात्र घाईच्या वेळी दुसरी शीट निघालीच, तर.

विजेचे छायाचित्र कसे काढतात?

विजेच्या बाबतीत गंमत अशी, की संथ कॅमेरा मुळीच आड येत नाही. वीज इतकी क्षणिक असते, की शटर किती वेळ उघडे आहे याने तिच्या रेषेची चमक बदलत नाही. ती ठरते अ‍ॅपर्चर आणि फिल्मच्या वेगावर. म्हणून तिन्हीसांजेनंतर शटर उघडे ठेवतात आणि वीज चमकली की बंद करतात. शटरचा वेळ केवळ भोवतालचा उजेड ठरवतो. एक सेकंदापेक्षा लांब एक्स्पोजरला अनेक फिल्मची संवेदनशीलता घटते, त्यामुळे वेळ आणखी वाढवून द्यावा लागतो. त्यासाठी फिल्मनिहाय तक्ते सोबत बाळगतात.

मात्र उघड्या माळरानावर ट्रायपॉडशेजारी उभा असलेला माणूस हा आसपासचा सर्वांत उंच बिंदू असू शकतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, असे समजून बंद गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर यायचे नाही, हा प्रचलित नियम आहे. ऐरणीसारख्या माथ्यातून निघालेली वीज त्याहून लांब, निरभ्र आकाशाखालीही पडू शकते. त्यामुळे विजेची छायाचित्रे काढणारे अनेक जण कॅमेरा बाहेर लावून लांब केबलने शटर दाबतात आणि स्वतः गाडीत बसतात.

हा प्रकार किती जुना?

टोर्नेडोची पहिली छायाचित्रे अशाच मोठ्या कॅमेऱ्यांनी निघाली, कारण तेव्हा दुसरे काही नव्हतेच. २६ एप्रिल १८८४ रोजी कॅन्ससमधील गार्नेट येथे ए. ए. अ‍ॅडम्स यांनी काढलेले छायाचित्र हे टोर्नेडोचे ज्ञात असलेले सर्वांत जुने छायाचित्र मानले जाते. त्याच वर्षी २८ ऑगस्टला, आजच्या साउथ डकोटातील हॉवर्डजवळ एफ. एन. रॉबिन्सन यांनी दुसरे छायाचित्र काढले. बराच काळ तेच पहिले समजले जात होते. त्याच सुमारास आधीच लेप दिलेल्या, कोरड्या काचपट्ट्या सर्रास मिळू लागल्या होत्या. त्याआधीच्या ओल्या काचपट्टीला जागेवरच लेप देऊन लगेच धुवावे लागे; वादळासमोर ते जवळपास अशक्य होते.

हौस म्हणून वादळांच्या मागे जाण्याची प्रथा त्यानंतर बऱ्याच उशिरा आली. नॉर्थ डकोटातील बिस्मार्कचे डेव्हिड होडली १९५६ पासून वादळांचा पाठलाग करू लागले. त्यांना या छंदाचे आद्य प्रवर्तक मानतात. १९७७ मध्ये त्यांनी ‘स्टॉर्म ट्रॅक’ हे नियतकालिक सुरू केले. अलीकडच्या काळात मिच डोब्राउनर यांच्या कृष्णधवल वादळांच्या मालिकेला २०१२ चा सोनी जागतिक छायाचित्रण पुरस्कारांतील सर्वोच्च सन्मान मिळाला आणि सोंडेऐवजी संपूर्ण वादळाचे ‘व्यक्तिचित्र’ काढण्याकडे अनेकांचे लक्ष गेले. ती मालिका मात्र त्यांनी डिजिटल कॅमेऱ्याने केली.

मग फिल्मचा आग्रह कशासाठी?

प्रामाणिक उत्तर असे, की बऱ्याच बाबतींत डिजिटल सरस आहे. टोर्नेडो जमिनीला टेकण्याचा क्षण, वादळाचे फिरणे दाखवणारी चित्रफीत, अंधारातील हालचाल, हे सगळे त्यात सोपे जाते. ‘फिल्म खोटे बोलत नाही’ हा युक्तिवादही टिकत नाही. १८८४ च्या हॉवर्डच्या छायाचित्रावरच नंतर हाताने बरेच काम केलेले आहे.

फिल्मची बाजू दोन गोष्टींवर उभी आहे. एक म्हणजे वर सांगितलेला तपशील. दुसरी म्हणजे मोजक्या शीटमुळे येणारी निवड. पाच होल्डर म्हणजे दहा शीट. धुळीच्या रस्त्यावर नवी शीट भरायची, तर अंधाऱ्या पिशवीत हात घालून भरावी लागते आणि धुळीचा एक कण आत गेला, तरी निगेटिव्हवर आकाशात भोक पडल्यासारखा ठिपका उमटतो. त्यामुळे दहा शीट म्हणजे दिवसाचा सगळा दारूगोळा. वादळ अजून वाढते आहे की ओसरू लागले आहे, तळ आणखी खाली येईल का, पाच मिनिटांनी ऊन कुठून येईल, याचा अंदाज बांधूनच एक शीट खर्च होते. डिजिटलमध्ये आधी काढून मग निवडता येते. इथे आधी वादळ वाचावे लागते.

धोका किती खरा आहे?

३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रिनोजवळ ४.२ किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो आला. आजवर नोंदलेला तो सर्वांत रुंद. त्याने अचानक दिशा आणि वेग बदलला. टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा त्यात मृत्यू झाला. समारास हे नवखे नव्हते. २००३ मध्ये साउथ डकोटातील मँचेस्टर येथे त्यांनी टोर्नेडोच्या वाटेत ठेवलेल्या उपकरणाने हवेच्या दाबात १०० मिलिबारची घट नोंदवली होती. सावध म्हणून ओळखला जाणारा संशोधकही जवळच्या अंतरावर वाचला नाही, हा धडा या क्षेत्राने घेतला.

गाराही कमी घातक नाहीत. २३ जुलै २०१० रोजी साउथ डकोटातील व्हिव्हियन येथे पडलेली गार २० सेंटिमीटर व्यासाची होती. शिवाय, मोठ्या वादळाच्या दिवशी पाठलाग करणाऱ्या गाड्यांची अरुंद रस्त्यांवर रांग लागते. घर सोडून निघालेल्या स्थानिकांची आणि रुग्णवाहिकांची वाट अडू शकते. मोठा कॅमेरा घेऊन काळ्या कापडाखाली शिरलेल्या माणसाचा एक वेगळा धोका आहे. त्याला आजूबाजूचे काहीच दिसत नाही. म्हणून दोघांनी जायचे, एकाने कापडाखाली आणि दुसऱ्याने नजर आकाशावर ठेवून, ही पद्धत शहाणपणाची.

वादळ गेल्यावर काय उरते?

सुंदर ढगाखाली कुणाचे तरी गाव असते, हे या छायाचित्रांत सहज विसरले जाते. १० एप्रिल १९७९ रोजी टेक्सासमधील विचिटा फॉल्स शहरावर टोर्नेडो आला. चाळीसहून अधिक माणसे गेली, हजारो घरे मोडली. छायाचित्रकार फ्रँक गोल्की यांचा जन्म याच शहरातला. मोठ्या कॅमेऱ्याने धान्यकोठारांची छायाचित्रे काढण्यासाठी ते ओळखले जात. वादळानंतर लवकरच ते तिथे गेले आणि उद्ध्वस्त वस्त्या टिपल्या. सुमारे वर्षभराने त्यांनी नेमक्या त्याच जागी उभे राहून पुन्हा तीच चौकट घेतली. पहिल्या चित्रात बोडके झाड आणि पाया. दुसऱ्यात त्याच पायावर नवे घर.

या जोडचित्रांत ढग नाही, सोंड नाही. तरी वादळ काय असते आणि माणसे त्यानंतर काय करतात, हे त्याहून स्पष्ट क्वचितच दिसले असेल. मोठ्या निगेटिव्हचा तपशील इथे शोभेसाठी नसतो. कुठली भिंत राहिली, कुठले झाड पुन्हा पालवले, हे तपासता येते.

आपल्याकडे असे करता येईल?

एप्रिल-मेमधील आपला वळीवही ऊन, दमट हवा आणि दुपारनंतरचा उद्रेक याच सूत्रावर चालतो. मात्र दीर्घकाळ फिरत राहणाऱ्या सुपरसेलला लागणारे, उंचीनुसार झपाट्याने बदलणारे जोरदार वारे दख्खनवर प्रेअरीइतके सहसा नसतात. त्यामुळे वळिवाचे ढग लवकर उठतात आणि लवकर विरतात. पूर्व भारत आणि बांगलादेशात कालबैसाखीच्या वादळांतून टोर्नेडो होतात. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील माणिकगंज भागात आलेल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसे दगावली.

ढगांची छायाचित्रे आपल्या माळरानांवरूनही निघू शकतात; पण धोका विजेचा. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोफत अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देते. कॅमेरा मोबाइलचा असो वा भात्याचा, ढग टिपायला बाहेर पडण्याआधी ते पाहणे आणि गडगडाट ऐकू येताच आडोशाला जाणे, हा प्रेअरीतला नियम सोलापूर-मराठवाड्याच्या माळावरही तितकाच लागू आहे. शीट कोरी राहिली, तर ती पुढच्या वादळाला वापरता येते.